गिअर बॉक्स खोलण्यापूर्वी

फळांचे व्यापारी, चिकनवाले, भंगारवाले, फर्निचरचे कारागीर अशा आपल्या कितीतरी बांधवांचा धंदा सातारा-सांगली भागात आज एका पिकअपवर चालतो. गाडी गॅरेजला उभी राहिली की भाडे बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी मिस्त्री म्हणतो, "गिअर बॉक्स खोलावा लागेल," आणि मालक मान डोलावतो. आमचे म्हणणे एवढेच की, त्याआधी मालकाने गाडीचा आवाज स्वतः ऐकावा.

गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवावी. घरघर येत असेल व क्लच दाबताच थांबत असेल, तर दोष बहुधा गिअर बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग गेले असे समजावे. त्यासाठी बॉक्स खाली घ्यावा लागतो, पण खोलावा लागत नाही. खर्चात मोठा फरक पडतो. गाडी सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना खालून 'खट्' वाजले तर आधी शाफ्टचा क्रॉस हलवून पाहावा. ते काम बॉक्सला हात न लावता होते. मागून गुणगुण येऊन ॲक्सिलरेटरबरोबर बदलत असेल, तर क्राऊन-पिनियन तपासावे.

इंजिन ओरडते, गाडी चढत नाही आणि जळका वास येतो, म्हणजे क्लच प्लेट घसरते आहे. पसरणी किंवा कुंभार्ली घाटात पुढची गाडी थांबली की आपले ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. हँडब्रेक कशासाठी दिला आहे? त्यात दीड टनाच्या गाडीत अडीच टन माल! २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार आहेत. क्लच प्लेटचा खर्च वेगळाच.

सांगलीकरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारख्या पाण्यात गाडी उभी राहिली, तर हवा जाण्याच्या नळीतून आणि सीलमधून पाणी गिअर बॉक्समध्ये व मागच्या हौसिंगमध्ये शिरते. ऑईल दुधाळ होते. गाडी चालते म्हणून तसेच दामटू नये. ऑईल लगेच बदलावे, नाहीतर बेअरिंगला गंज चढतो.

जुनी गाडी विकताना काही जण जाड ऑईल भरून हौसिंगचा आवाज दाबतात. मालातील ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये नाजायज आहे, हे व्यापाऱ्यांना आम्ही वेगळे सांगायला नको. घेणाऱ्याने मात्र गाडी आठ-दहा किलोमीटर पळवून गरम करावी, मग पुन्हा आवाज ऐकावा. ऑईल गरम होऊन पातळ झाले की दबलेला आवाज वर येतो. गाडी थोडी निवली की ऑईल काढायचा बोल्ट उघडायला सांगावे. बोल्टाला बारीक काळा चिखल लागला तर तो नेहमीच्या झिजेचा. लोखंडाचे कपचे निघाले, तर बयाणा देऊ नये.