रंगमंचावरील मंत्र आणि न्यायासनासमोरील चेटकीण

१५४७ च्या सुमारास केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात अॅरिस्टोफेनिस या ग्रीक नाटककाराचे एक प्रहसन सादर झाले. त्यात एक अवाढव्य भुंगा माणसाला पाठीवर घेऊन देवांच्या महालाकडे उडतो, असा प्रसंग आहे. जॉन डी नावाच्या तरुण अध्यापकाने यांत्रिक युक्तीने तो भुंगा प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वर चढविला. प्रेक्षक थक्क झाले. पण त्याचबरोबर, हे मानवी कौशल्य नसून काही अघोरी विद्या असावी, अशी कुजबुजही सुरू झाली.

पुढे याच डीने १५७० मध्ये युक्लिडच्या भूमितीच्या इंग्रजी भाषांतराला विद्वत्तापूर्ण प्रस्तावना लिहिली. एलिझाबेथ राणीच्या १५५९ मधील राज्याभिषेकाचा मुहूर्तही त्यानेच काढला होता. स्फटिकाच्या माध्यमातून देवदूतांशी संभाषण करण्याचे प्रयोगही त्याने वर्षानुवर्षे केले. गणित, फलज्योतिष आणि मंत्रविद्या एकाच माणसाच्या ठायी सुखाने नांदत होत्या. ज्ञान कोठे संपते आणि जादू कोठे सुरू होते, ही रेषा तेव्हा आखलीच गेली नव्हती. ती आखण्याचा खटाटोप ज्या ठिकाणी झाला, त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे लंडनची नाटकगृहे होत.

या खटाटोपामागे कायद्याची टांगती तलवार होती, हे विसरता कामा नये. १५६३ च्या कायद्यानुसार चेटकाने कोणाचा मृत्यू घडविल्यास फाशीची शिक्षा होती. १६०४ मध्ये, पहिल्या जेम्सच्या कारकीर्दीत, दुष्ट शक्तींशी करार करणे हाही देहदंडाचा गुन्हा ठरला. या राजाने स्वतः स्कॉटलंडमध्ये असताना १५९७ साली पिशाच्चविद्येवर ग्रंथ लिहिला होता. उलटपक्षी, रेजिनाल्ड स्कॉट या गृहस्थाने १५८४ मध्येच ग्रंथ लिहून चेटकिणींविषयीच्या समजुतींचा समाचार घेतला होता आणि जादूगारांच्या हातचलाखीचे प्रयोग कसे करतात, तेही उघड केले होते. नाटककारांपुढे ही दोन्ही मते होती.

क्रिस्टोफर मार्लोचे 'डॉक्टर फॉस्टस' हे यांतील अग्रगण्य नाटक. मार्लोचा मृत्यू १५९३ मध्ये झाला आणि नाटक छापले गेले १६०४ मध्ये. सर्व शास्त्रांत पारंगत झालेला फॉस्टस चोवीस वर्षांच्या सामर्थ्यासाठी आपला आत्मा सैतानाला विकतो. तो लॅटिन मंत्र म्हणतो आणि मेफिस्टोफिलिस प्रकट होतो. येथे प्रेक्षकांपुढे एक पेच उभा राहत असे. नटाने उच्चारलेला मंत्र हा खोटा मंत्र की खरा? प्रयोग चालू असता रंगमंचावर एक सैतान जास्तीचा आढळला आणि नटांची गाळण उडाली, अशा आख्यायिका या नाटकाभोवती निर्माण झाल्या, त्या याच पेचातून. मार्लोने मात्र त्याचे उत्तर मेफिस्टोफिलिसच्याच तोंडी घातले आहे. मंत्राच्या शब्दांनी त्याला ओढून आणलेले नसते. माणूस स्वेच्छेने ईश्वराला नाकारतो आहे, हे ऐकून तो आलेला असतो. म्हणजे सामर्थ्य मंत्रात नाही, मनुष्याच्या इच्छेत आहे. पुढे शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्येही हेच सूत्र दिसते. वि. वा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मुळे ती कथा मराठी प्रेक्षकांच्या परिचयाची आहे. चेटकिणी भविष्य सांगतात. 'राजाचा खून कर' असे त्या सांगत नाहीत.

बेन जॉन्सनने १६१० मध्ये 'द अल्केमिस्ट' लिहून याच विषयाची दुसरी बाजू दाखविली. प्लेगच्या भीतीने घरमालक गावाबाहेर गेलेला असताना त्याच्या घरात तीन ठक किमयागाराचे दुकान मांडतात आणि लोभी गिऱ्हाइकांना नागवतात. येथे सैतान नाही. फसणाऱ्यांचा लोभ हीच खरी किमया आहे. पुढच्याच वर्षी, १६११ मध्ये, राजदरबारी सादर झालेल्या 'द टेम्पेस्ट'मधील प्रॉस्पेरो अखेरीस आपली विद्या स्वतःहून सोडून देतो.

परंतु हे सारे ग्रंथ बाळगणारे पुरुष. खेड्यातील निराधार म्हातारीच्या वाट्याला मात्र फाशीचा दोर येत असे. १६२१ मध्ये एडमंटन येथील एलिझाबेथ सॉयर हिला चेटकाच्या आरोपावरून फाशी देण्यात आले. त्याच वर्षी डेकर, फोर्ड आणि रोली यांनी तिच्यावर 'द विच ऑफ एडमंटन' हे नाटक रचले. सैतान त्यात काळ्या कुत्र्याच्या रूपाने येतो. पण तो केव्हा येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सरपणाच्या चार काटक्या गोळा केल्या म्हणून शेजारी तिला मारतो, सारा गाव तिला चेटकीण म्हणून हिणवतो, आणि त्यानंतर तो येतो. शिव्याशाप आधी, सैतान मागाहून. नाटककार चेटकावर अविश्वास दाखवीत नाहीत. तथापि चेटकीण कोणी घडविली, याचे उत्तर ते गावाकडे बोट दाखवून देतात.

रंगभूमी नेहमीच इतकी न्यायी होती, असे मात्र नव्हे. १६३४ मध्ये लँकेशायरमधील काही आरोपी स्त्रिया चौकशीसाठी लंडनला आणल्या गेल्या. त्यांचा निकाल लागलेला नसतानाच हेवूड आणि ब्रोम यांनी त्यांच्यावर एक हास्यप्रधान नाटक ग्लोब नाटकगृहात आणले आणि त्यांना दोषी गृहीत धरले. वस्तुतः ज्या मुलाच्या साक्षीवर तो खटला उभा होता, त्याने आपली कहाणी बनावट असल्याचे कबूल केले. प्रेक्षक हसून घरी गेले. आरोपींपैकी काही जण १६३६ मध्येही तुरुंगातच होते. इंग्लंडमधील चेटूकविरोधी कायदा रद्द होण्यास १७३६ साल उजाडावे लागले.

शेवटी पुन्हा फॉस्टसकडे वळू. ही भूमिका गाजविणारा नट एडवर्ड अॅलन याने नाट्यव्यवसायातून मिळविलेल्या संपत्तीतून १६१९ मध्ये डलिच येथे एक संस्था स्थापन केली आणि तीत बारा गरीब मुलांच्या शिक्षणाची सोय केली. रंगमंचावर खरा सैतान पाहून धसका घेतल्यामुळे त्याला ही बुद्धी झाली, असे लोक पुढे सांगू लागले. त्या दंतकथेवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. पण ती शाळा आजही चालू आहे. ज्ञानाच्या हव्यासापायी आत्मा विकणाऱ्या पंडिताचे सोंग ज्याने वठविले, त्याने आपली पुंजी मुलांना ज्ञान मिळावे म्हणून खर्ची घातली. शाळेच्या आवारात या विषयाचा विचार करताना याहून बोलकी गोष्ट दुसरी कोणती सापडणार?