मॉर्फिनची मात्रा : घरच्यांनी काय जाणावे?

जुन्या घरांतून 'मात्रा' हा शब्द दोन अर्थांनी वावरत असे. एक मात्रा हेमगर्भाची. ती सहाणेवर उगाळावयास घेतली की ओटीवरची मंडळी काय ते समजत आणि परगावच्या मुलांना तारा जात. दुसरी मात्रा म्हणजे प्रमाण. बाळगुटी उगाळताना आजी जायफळाचा वेढा बेतानेच देई; तो अधिक झाला तर मूल गुंगते, हे तिला पक्के ठाऊक असे. आज मॉर्फिनच्या गोळ्या घरात आल्या म्हणजे आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून पहिली मात्रा तेवढी आठवते आणि दुसरी विसरली जाते. या विसरण्यापायी रुग्णाचे हाल होतात, म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे आम्हांस वाटले.

रत्नागिरीकडील घरांवर हा प्रसंग कसा येतो ते पाहा. वडीलधाऱ्यास कर्करोग झाल्याचे कळते. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार होतात. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाचा आधार कोकणाला आजही मोठा आहे. पुढे रोग आटोक्यात येण्याजोगा नाही असे ठरले म्हणजे उरलेले दिवस आपल्या माणसांत जावेत, या इच्छेने रुग्ण कोकण रेल्वेने घरी परततो. बरोबर कागदांची फाईल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मॉर्फिनच्या गोळ्या असतात. रुग्णालयात परिचारिका घड्याळ पाहून गोळी देत होती. येथे ते काम मुलाकडे, सुनेकडे, नातवाकडे येते. थोरला मुलगा म्हणतो, "अफूचेच सत्त्व ते! अगदी असह्य झाले तरच अर्धी द्या." धाकटीला सासऱ्यांचे कण्हणे ऐकवत नाही, ती कोणास न विचारता एक गोळी अधिक देते. दोघांच्याही मनात माया आहे. परंतु एकाच्या भीतीने रुग्ण दिवसभर तळमळतो आणि दुसरीच्या दयेने रात्री त्याचा श्वास मंदावतो.

ही भीती निराधार नाही. मॉर्फिन अफूपासूनच निघते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर्टर्नर नावाच्या जर्मन औषधकाराने ते प्रथम वेगळे केले. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने खसखशीची शेती होते आणि अफूवरील प्रक्रियेसाठी नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. एके काळी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना निजविण्यासाठी अफूची 'बाळगोळी' देत; अशा अफूने कित्येक बालके दगावली. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने निर्बंध इतके कडक केले की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि व्यसनी माणसाला आवरताना वेदनेने पिडलेला माणूस उपेक्षित राहिला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट काहीशी मोकळी झाली. घरातील माणसांच्या मनावरचे निर्बंध मात्र अद्याप पुरते सैल झालेले नाहीत.

व्यसन आणि शरीराची सवय या दोन गोष्टी निराळ्या आहेत. काही आठवडे मॉर्फिन घेतल्यावर शरीर त्याला सरावते. ते एकाएकी बंद केल्यास घाम, अस्वस्थता, जुलाब सुरू होतात. याला व्यसन म्हणत नाहीत. मात्र औषध थांबवावयाचे तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळूच थांबवावे लागते. कर्करोगाच्या वेदनेसाठी देखरेखीखाली औषध घेणाऱ्यास व्यसन लागणे विरळा, आणि योग्य मात्रेने आयुष्यही घटत नाही. पाठदुखी, सांधेदुखी अशा वर्षानुवर्षांच्या दुखण्यांस मात्र हाच न्याय लावू नये. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकांत अशी औषधे सढळ हाताने लिहून दिली गेली आणि त्यातून उद्भवलेल्या अनर्थात लक्षावधी माणसे प्राणास मुकली.

आता मात्रेचे गणित. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी जी तत्त्वे घालून दिली, त्यांत औषध शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे आणि पायरीपायरीने द्यावे असे सांगितले आहे. मॉर्फिनची साधी गोळी सुमारे अर्ध्या तासात लागू पडते आणि तिचा अंमल चार तासांच्या आसपास टिकतो. म्हणून ती दर चार तासांनी, वेदना डोके वर काढण्यापूर्वीच द्यावयाची. प्रौढ माणसास आरंभी साधारणपणे ५ ते १० मिलिग्रॅम देतात. वृद्ध व अशक्त माणसास त्याहून कमी. मूत्रपिंड मंदावले असेल तर औषधाचे अंश शरीरात साचत जातात, म्हणून तेथे डॉक्टर मात्रा उतरवितात किंवा दुसरे औषध योजतात. मध्येच कळ आल्यास द्यावयाची जादा मात्रा बहुधा दिवसाच्या एकूण मात्रेच्या सहाव्या हिश्शाइतकी असते. पण ती चिठ्ठीवर लिहिलेली असेल तरच द्यावी. हे आकडे घरी मात्रा ठरविण्यासाठी आम्ही दिलेले नाहीत. डॉक्टरांनी लिहिलेले समजावे आणि न समजल्यास विचारावे, एवढाच त्यांचा उपयोग.

बारा तास पुरणारी गोळी कधीही कुटून, चावून अथवा पाण्यात विरघळवून देऊ नये; तसे केल्यास बारा तासांचा अंमल एकदम अंगावर येतो. फेंटानिलची पट्टी अंगाला चिकटवून दिली जाते. हे औषध मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट तीव्र आहे. म्हणूनच पट्टी मायक्रोग्रॅमांत मोजतात आणि सामान्यतः तीन दिवसांनी बदलतात. पट्टीवर शेक, गरम पाण्याची पिशवी किंवा कडक ऊन लागल्यास औषध भराभर रक्तात उतरते. काढलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असते; ती चिकट बाजू आत दुमडून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने टाकावी.

बद्धकोष्ठता जवळजवळ प्रत्येकास होते आणि ती आपोआप जात नाही. म्हणून डॉक्टरांनी लिहिलेले रेचक पहिल्या दिवसापासून द्यावे. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णास इसबगोल उलट अडचणीचा ठरतो. मळमळ व गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. परंतु हाक मारूनही रुग्ण जागा होईना, श्वास मिनिटाला दहाच्या खाली आला, घोरण्यात घरघर येऊ लागली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर पुढील गोळी रोखून त्वरित डॉक्टरांना कळवावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नॅलॉक्सोन नावाचे उतारा-औषध आहे. पण ते वेळेवर मिळाले पाहिजे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या या औषधांच्या जोडीला आल्या की धोका कैक पटींनी वाढतो.

एकत्र कुटुंबास आमची विशेष विनंती अशी : औषध एकाच्या हाती असावे आणि एक वही असावी. वहीत वेळ, मात्रा, देणाऱ्याचे नाव आणि वेदना किती हे लिहावे. वहीत नोंद पाहिल्याशिवाय कोणीही गोळी देऊ नये. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन्ही एकदम देऊ नयेत. गोळ्या १०, ३०, ६० मिलिग्रॅम अशा निरनिराळ्या असतात. तेव्हा गोळ्यांची संख्या न लिहिता मिलिग्रॅम लिहावे. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरते. त्या दिवसांत गोळ्या कुलपात असाव्यात. पाहुण्या मावशींनी आपल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतील उरलेली ट्रॅमाडॉल प्रेमाने पुढे केली तरी घेऊ नये. तीही याच जातीची असून मात्रा वाढल्यास झटके येऊ शकतात. कोडीनचे खोकल्याचे औषध बारा वर्षांखालील मुलांस देऊ नये, कारण शरीरात त्याचेच मॉर्फिन होते आणि काही मुलांत ते फार झपाट्याने होते. शेवटचे, पण कोकणात महत्त्वाचे : मॉर्फिन प्रत्येक औषधांच्या दुकानी मिळत नाही आणि पावसाळ्यात दरडी कोसळून गाड्या अडतात. म्हणून मृगापूर्वीच गोळ्या मोजाव्यात आणि साठा संपण्याच्या आधी नव्या चिठ्ठीची तजवीज करावी.

मात्रा योग्य आहे हे ओळखावे कसे? रुग्ण रात्री स्वस्थ झोपतो, सकाळी आरामखुर्चीत बसून दोन घास खातो आणि नातवाला शाळेतले काही विचारतो. असे झाले म्हणजे थोरल्याची भीती आणि धाकटीची दया, दोन्ही मार्गी लागल्या असे समजावे.