शेजारच्या आसनावरचा माणूस

रॅली हा शब्द कानी पडला की आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांच्या डोळ्यांपुढे मैदान, झेंडे आणि घोषणा उभ्या राहतात. आज सांगावयाची आहे ती रॅली निराळी. ती मोटारींची शर्यत होय. तीत गाड्या एकमेकींना खेटून धावत नाहीत. रहदारीसाठी बंद केलेल्या डोंगरातल्या वा जंगलातल्या रस्त्यावर त्या ठरावीक अंतराने एकामागून एक सुटतात, आणि लढत होते ती घड्याळाशी. प्रत्येक गाडीत माणसे दोन. एकजण चालवतो. दुसऱ्याच्या हाती ना चक्र, ना ब्रेक. मांडीवर फक्त एक वही. याला सहचालक म्हणतात. मग हा करतो तरी काय?

या वहीचे सामर्थ्य जगाला दिसले ते १ मे १९५५ रोजी, म्हणजे नेमके कामगारदिनी. इटलीत ब्रेशियाहून रोमला जाऊन परत येण्याची मिल्ले मिलिया ही सुमारे १६०० किलोमीटरांची शर्यत होती. चालक होता स्टर्लिंग मॉस हा इंग्रज, आणि शेजारी डेनिस जेन्किन्सन हा मोटारींविषयी लिहिणारा पत्रकार. शेजारी बसण्याची विद्या जेन्किन्सनला नवी नव्हती. १९४९ साली एरिक ऑलिव्हरने साइडकार-मोटारसायकलींचे जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा साइडकारमध्ये तोल सांभाळणारा हाच. दोघांनी शर्यतीचा रस्ता आधी पालथा घातला आणि धोक्याची वळणे सुमारे १८ फूट लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर टिपली. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येईना, म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या. १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत, ताशी सरासरी १५७ किलोमीटरांच्या वेगाने त्यांनी शर्यत जिंकली.

आजच्या जागतिक रॅलीतही पद्धत तीच, फक्त अधिक बारकाईची. शर्यतीपूर्वी प्रत्येक टप्प्यावरून मर्यादित वेगाने दोनदा जाता येते. पहिल्या फेरीत चालक सांगतो आणि सहचालक लिहितो; दुसऱ्या फेरीत लिहिलेले पडताळून दुरुस्त करतात. वळणाला आकडा देतात. पुष्कळ जोड्यांत १ म्हणजे अगदी आवळलेले वळण आणि ६ म्हणजे जवळजवळ सरळ रस्ता. त्याला डावे-उजवे, पुढच्या वळणापर्यंतचे मीटर आणि चढाचा माथा यांची जोड मिळते. शर्यतीत हे सारे शिरस्त्राणातल्या यंत्रावरून चालकाच्या कानी घालावयाचे. खरे कसब वाचण्याच्या वेळेत आहे. उशिरा सांगितले तर वळण हातचे जाते; फार आधी सांगितले तर चालकाच्या डोक्यात गर्दी होते. रेल्वेचे रूळ उचलणाऱ्या टोळीत एकजण हाळी देतो. तो हाळी चुकला की रूळ कोणाच्या तरी पायावर येतो. तसेच हे.

याखेरीज वेळेचे कार्डही त्याच्याच हाती. तपासणी नाक्यावर एक मिनिट उशीर झाला तर १० सेकंदांचा दंड, आणि एक मिनिट आधी पोहोचले तर पुरे एक मिनिट. वाटेत चाक फुटले तर ते बदलायलाही तो खाली उतरतो.

या धंद्यात शिरण्याची वाट बहुधा गावोगावच्या क्लबांच्या लहान रॅलींतून जाते. पगार देणाऱ्या कारखान्यांच्या संघांपर्यंत थोडेच पोहोचतात, आणि तेथेही नशीब बहुधा चालकाशी बांधलेले असते. मोनॅकोचा डॅनिएल एलेना हा फ्रेंच चालक सेबास्तियाँ लोबच्या शेजारी बसून २००४ ते २०१२ अशी सलग ९ वर्षे जगज्जेता ठरला. डेव्हिड रिचर्ड्सने १९८१ साली आरी वाटानेनबरोबर विजेतेपद मिळवले आणि पुढे १९८४ साली स्वतःची मोटार-शर्यतींची संस्था काढली. उलट, २०२२ साली लोबने मोंते कार्लोची रॅली जिंकली तेव्हा शेजारी बसलेल्या इझाबेल गाल्मिश या ५० वर्षांच्या बाई पेशाने गणिताच्या शिक्षिका होत्या.

धोका मात्र दोघांचा सारखाच. सप्टेंबर २००५ मध्ये वेल्सच्या रॅलीत गाडी झाडावर आदळली ती सहचालकाच्या बाजूने, आणि मायकेल पार्क प्राणास मुकला. चालक मार्को मार्टिन वाचला. लोब तेव्हा आघाडीवर होता आणि जिंकता तर त्याच दिवशी जगज्जेता होता. अशा दिवशी विजेतेपद नको, म्हणून त्याने जाणूनबुजून वेळेचा दंड ओढवून घेतला आणि पहिला क्रमांक सोडून दिला.

माथ्यापलीकडचा रस्ता चालकाला दिसत नसतो. शेजारच्याने ‘उजवे, सहा’ म्हटले की तो पाय न उचलता गाडी तशीच घालतो. आपला जीव दुसऱ्याच्या शब्दावर सोपवण्याचे याहून उघड उदाहरण मला ठाऊक नाही. ज्याच्या शब्दावर एवढा भार, त्याला मोबदला आणि मान या दोन्हींत वाटा मिळाला पाहिजे. रॅलीच्या निकालपत्रकात प्रत्येक गाडीपुढे दोन नावे छापतात. वर्तमानपत्राच्या मथळ्यात पुष्कळदा एकच उरते. श्रोत्यांनी पुढच्या वेळी मथळ्यावर न थांबता ते दुसरे नावही शोधून वाचावे, एवढीच विनंती.