बिद्रीहून भुदरगड-सामानगड: एका दिवसाची गडफेरी

बिद्री म्हटलं की आधी साखर कारखाना आठवतो. कारखान्याला नाव दूधगंगा-वेदगंगेचं आणि त्याच्या परिसराला मौनीनगर, म्हणजे पाटगावच्या मौनी महाराजांचं. गड बघायला निघालेला माणूस कागल तालुक्यातल्या या गावातून सहसा थांबा न घेता पुढे जातो. पण भुदरगडाची वाट इथूनच धरावी. हंगाम सुरू असेल तर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं जायची तयारी ठेवायची.

मुधाळ तिट्ट्यावर निपाणी-राधानगरी रस्ता आडवा येतो. संत बाळूमामांचं आदमापूर जवळच आहे; मात्र अमावास्येला निघाल तर अर्धा दिवस गर्दीतच जाईल. गारगोटीत १३ डिसेंबर १९४२ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी कचेरीवर हल्ला केला, त्यात सात जण हुतात्मा झाले. तिथं दोन मिनिटं थांबावं आणि पालमार्गे पेठशिवापूर गाठावं. गाडी थेट गडावर जाते. ट्रेकवाले यावर नाक मुरडतात, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवता येईल असा गड असणं काही वाईट नाही.

भुदरगड शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बांधला असं सांगतात. शिवाजी महाराजांनी १६६७ साली तो दुरुस्त करून शिबंदी ठेवली, पुढं मोगलांनी घेतला आणि १६७२ साली मराठ्यांनी छापा घालून परत मिळवला. माथा चांगला ऐसपैस, सपाट. भैरवनाथाच्या देवळात इथली खरी वर्दळ. माघातल्या जत्रेला तर बघायलाच नको. तिथून पुढं दूधसागर तलाव लागतो. पाण्यात पांढुरकी माती कालवलेली, त्यामुळं ते ताकाच्या निवळीसारखं दिसतं. काठावर भवानीचं देऊळ आहे. एवढ्या उंचीवर एवढं पाणी ज्यांनी साठवलं, त्यांचा विचार लढाईच्या दिवसापुरता नव्हता. गड म्हणजे आधी पाणी, धान्य आणि राबती माणसं, तलवार नंतर.

वाटाड्या बरोबर असेल तर त्याला तटाच्या कडेकडेनं न्यायला सांगा. नुसती देवळं दाखवून तो परत फिरवेल. तट कुठं शाबूत आहे, कुठं एकदम बसलेला. ही सगळी पडझड पावसानं केलेली नाही. कोल्हापूरचे छत्रपती अल्पवयीन असताना इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडितांना कारभारी नेमलं. गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनींचा कारभार मामलेदारांकडे गेला. गड राखायचा आणि त्याबदल्यात जमीन कसायची, हा त्यांचा शिरस्ता. तोच मोडल्यावर १८४४ च्या पावसाळ्यात सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. भुदरगडही उठला. ऑक्टोबरात इंग्रजांच्या तोफांनी दोन्ही गड घेतले. पुन्हा कुणाला गडाच्या आडोशानं भांडता येऊ नये, म्हणून भुदरगडाचा तट पाडला. शाळेच्या पुस्तकांत १८५७ ला पानंच्या पानं मिळतात. त्याआधी तेरा वर्षं झालेला हा उठाव मात्र कोल्हापूरकरांनाही धड ठाऊक नसतो. याची चीड यावी.

 तोफांतून वाचलेल्या तटावर पुढं चार महिने धारा लागतात, दगडांच्या फटींत झाडं मुळं खुपसतात. त्यातूनही जे उरलं आहे त्यावर चढून फोटो काढू नयेत, ही एवढी विनंती.

दुपारी उत्तूरमार्गे गडहिंग्लजकडे वळलं की त्याच उठावाचा पहिला गड बघून होतो. सामानगड लहान आहे, तासा-दीड तासात फिरून होतो, पण तिथली सात कमानींची विहीर चुकवायची नाही. खडक फोडून पायऱ्या खाली उतरतात, एकामागून एक कमान डोक्यावरून जाते. पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा चप्पल घसरणार नाही अशी घाला आणि पोरांना पुढं पळू देऊ नका.

रांगणा याच फेरीत उरकू म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. शिवाजी महाराजांनी १६६७ साली स्वतः येऊन ज्याचा वेढा मोडला तो हा गड. पाटगावच्या पुढं रान दाट आहे, संध्याकाळी गवे वाटेवर येतात. त्याला वेगळा दिवस द्या, भल्या पहाटे निघा आणि त्या भागातला माहीतगार माणूस बरोबर घ्या.