दडून बसलेला रंग

साप पाळतात की! अमेरिकेत, युरोपात, जपानात कितीतरी घरांत काचेच्या पेटीत साप असतो. आणि त्यातले पुष्कळसे आपल्या धामणीसारखेच, उंदरांवर जगणारे. इंग्रजीत त्या सगळ्यांना मिळून रॅट स्नेक म्हणतात. विष नाही, विषाचे दात नाहीत. बसा जवळ, सांगतो.

त्यांत पहिला मान कॉर्न स्नेकचा. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीच्या दक्षिणेकडच्या पाइनच्या रानापासून खाली फ्लोरिडापर्यंत सापडतो. लांबी फार तर पाच-सहा फूट. नारिंगी अंगावर काळ्या काठाचे मोठे लाल डाग, आणि उलटा केला तर पोटाखाली काळ्यापांढऱ्या चौकटी. मक्याच्या कोठारात उंदरांच्या मागावर शिरायचा, म्हणून शेतकऱ्यांच्या चांगला ओळखीचा. स्वभाव शांत. हातावर घेतला तर बोटांमधून सरकत राहतो, चावायचं फारसं त्याच्या मनात येत नाही. भूकही बेताची. मोठ्या सापाला आठवड्या-दोन आठवड्यांनी एक उंदीर पुरतो, तोही मेलेला, फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेला आणि कोमट करून दिलेला. जिवंत का नाही देत? कारण कोंडलेला उंदीर जिवावर उदार होऊन सापालाच चावतो, आणि त्या जखमा वाईट असतात.

त्याच्या पेटीची एक बाजू गरम ठेवतात, दुसरी गार. आपलं अंग आतून तापतं, सापाचं तसं नाही. पोटात उंदीर गेला की त्याला पचनासाठी बाहेरची ऊब लागते. जेवण झालं की तो आपणहून गरम बाजूला जाऊन पडतो, आणि नको झालं की गार बाजूला परततो. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ निळसर होतात. सापाला पापण्या नसतात ना, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, आणि तोही कातीबरोबर निघतो. उतरलेली कात उजेडाकडे धरली तर त्यात डोळ्यांच्या दोन छोट्या चकत्या दिसतात. मला तर सापाच्या सगळ्या अंगात ही जागा सर्वांत आवडते.

पण खरी गंमत पुढेच आहे. 1953 साली नॉर्थ कॅरोलिनात एक वेगळाच कॉर्न स्नेक सापडला. त्याच्या अंगावर काळा रंग औषधालाही नव्हता. नुसता लाल-नारिंगी, डोळेसुद्धा लाल. तो गेला बर्नार्ड बेक्टेल नावाच्या डॉक्टरांकडे. ते त्वचारोगांचे डॉक्टर, आणि सापांचे भारी वेडे. त्यांनी त्या नराची साध्या मादीशी जोडी लावली. पिल्लं झाली, आणि सगळी साधीच! नेहमीसारखी, काळ्या काठांची. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गेला तो रंग. बेक्टेल थांबले. ती पिल्लं मोठी झाली, त्यांना पिल्लं झाली, आणि 1961 साली अंड्यांतून काळा रंग नसलेली लाल पिल्लं बाहेर आली.

मग मधल्या पिढीत तो रंग कुठे होता? तिच्या अंगातच होता रे, दडून बसलेला. प्रत्येक जिवाला एका जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. काळं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार करायला एक चांगली प्रत पुरते. मधल्या पिढीकडे एक चांगली होती, एक बिघडलेली, म्हणून ती काळ्या काठांची दिसली. दोन्ही बिघडलेल्या प्रती ज्याच्या वाट्याला आल्या, तेच पिल्लू लाल निघालं.

हे बिघडलेलं जनुक कोणतं, ते 2015 साली स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा विद्यापीठातल्या लोकांनी शोधून काढलं. त्याचं नाव ओसीए-2. डीएनएचा एक भटका तुकडा, जो स्वतःची नक्कल करून भलत्याच ठिकाणी घुसतो, तो नेमका त्या जनुकात जाऊन बसला होता. आणि आता जरा आरशात बघ बरं, धाकटे. तुझे डोळे घारे. आईचे काळे, बाबांचे काळे, पणजीचे मात्र अगदी तुझ्यासारखे. माणसाच्या डोळ्यांचा रंग ठरवण्यात याच ओसीए-2 जनुकाचा आणि त्याच्या शेजाऱ्याचा मोठा हात असतो. म्हणजे त्या सापाच्या अंगावरचा काळा काठ आणि तुझ्या बुबुळाचा रंग, दोन्हींच्या मुळाशी एकच जनुक! माणूस आणि साप यांचे पूर्वज वेगळे होऊन तीस कोटी वर्षं होऊन गेली, तरी ते दोघांकडे टिकून आहे.

फ्लोरिडात त्या लाल सापाच्या उलटे कॉर्न स्नेकही सापडतात. त्यांच्यात लाल रंग नाही, नुसता करडा-काळा. मग पाळणाऱ्यांनी दोन्ही घराण्यांची सोयरीक केली. पहिली पिढी साधी. त्या पिढीची आपसात जोडी लावली तर सोळांत सरासरी एका पिल्लाला ना काळा रंग, ना लाल. ते फिकट गुलाबी-पांढरं. त्याला स्नो म्हणतात. काळा रंग नसायची शक्यता एक चतुर्थांश, लाल नसायचीही तेवढीच. एक चतुर्थांशाचा एक चतुर्थांश म्हणजे किती, ते कागदावर मांडून बघा.

पांढऱ्या सापांचं एक गावच आहे जपानात, इवाकुनी. तिथला रॅट स्नेक एरवी हिरवट-तपकिरी असतो, त्याला आओदाइशो म्हणतात. पण इवाकुनीच्या आसपास पांढरे, लाल डोळ्यांचे साप पिढ्यान्‌पिढ्या भाताच्या कोठारांमध्ये राहिले. लोकांनी त्यांना बेन्झाइतेन देवीचे दूत मानलं. ही बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेली. देवीचा दूत म्हणून कुणी मारलं नाही, आणि उंदरांपासून भात राखतो म्हणूनही कुणी मारलं नाही. एरवी पांढरा साप घारीला लांबून दिसतो, फार दिवस टिकत नाही. 1924 सालापासून तर जपान सरकारचंच त्यांना संरक्षण आहे. आणि यांचं बिघडलेलं जनुक वेगळं, टायरोसिनेज नावाचं. एकाच काळ्या रंगाच्या कामात दोन ठिकाणी खोट.

बाकीचे भराभर सांगतो. अमेरिकेतला काळा रॅट स्नेक पिल्लू असताना राखाडी आणि ठिपक्याठिपक्यांचा असतो, मोठा होता होता काळा पडतो. घाबरला की सुक्या पाचोळ्यात शेपूट अशी थरथरवतो, की ऐकणाऱ्याला विषारी खुळखुळ्या सापच वाटावा. व्हिएतनामच्या उत्तरेकडचा आणि दक्षिण चीनमधला एक हिरवागार साप आहे, त्याच्या नाकावर खवल्यांचं शिंग असतं. लहानपणी तो मातकट असतो, पुढे हिरवा होतो.

आपली धामण? ती नाही पाळायची. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे, आणि कोंडलेली धामण सुखात राहतही नाही. ती सात-आठ फुटांची, तापट आणि वाऱ्यासारखी पळणारी. कोपऱ्यात गाठली तर मान फुगवून गुरगुरते. कॉर्न स्नेक भक्ष्याला विळखा घालून मारतो. धामण विळखा घालत नाही. बेडूक किंवा उंदीर जमिनीवर अंगाखाली दाबून धरते आणि जिवंतच गिळते. गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते म्हणतात, ते खोटं आहे. सापाला दूध ओढून पिताच येत नाही. शेतात ती उंदीर खाते. त्यासाठी तिला बांधावर राहू द्यायचं, इतकंच.

आणि दोन धामणी उभ्या राहून एकमेकींना पिळा घालताना दिसल्या, तर लोक म्हणतात जोडा लागलाय. तसं नसतं. ते दोन्ही नर असतात, कुस्ती चाललेली असते. कोण जिंकतं म्हणतोस? जो दुसऱ्याचं डोकं खाली जमिनीला टेकवतो तो. हरलेला मुकाट निघून जातो, कुणी कुणाला चावत नाही.