पायाला दंश, पोटात कळ

मण्यार चावलेला माणूस पुष्कळदा पोट धरून दवाखान्यात येतो. रात्री तो जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला असतो. दंश इतका बारीक की जाग येत नाही, आणि आलीच तर मुंगी चावली असेल म्हणून तो कूस बदलतो. पहाटे पोटात कळा येऊ लागतात, उलटी होते. घरचे आदल्या रात्रीचं जेवण आठवतात, कुणी ओवा चावायला देतं, कुणी लिंबूपाणी. दंशाच्या जागी ना सूज, ना रक्त. मग पापण्या जड होऊन खाली येतात, शब्द बोबडे पडतात, थुंकी गिळता येत नाही आणि श्वास उथळ होत जातो. भाताची खाचरं जिथे घराच्या पडवीपर्यंत येऊन भिडतात आणि पावसाळाभर बिळांत पाणी शिरतं, त्या मुळशी-मावळच्या पट्ट्यात हे ऐकून कुणी चकित होणार नाही. चकित होईल तो शाळेतलं विज्ञान नीट पाठ केलेला माणूस. विष शिरलं पायात, दुखतंय पोट आणि मरण येतंय श्वास थांबून. मग बिघडली कुठली संस्था?

पाठ्यपुस्तकात शरीर धड्याधड्यांत वाटलेलं असतं. पचनसंस्था अन्न पचवते, श्वसनसंस्था ऑक्सिजन घेते, रक्ताभिसरण संस्था तो पोचवते, उत्सर्जन संस्था घाण बाहेर टाकते, चेतासंस्था हुकूम सोडते. प्रत्येकीची आकृती वेगळी, प्रश्नोत्तरं वेगळी. ही वाटणी चुकीची नाही, पण ती आपण अभ्यासासाठी केलेली आहे. माणूस जगतो आणि मरतो तो या संस्था जिथे एकमेकींच्या हाती काम सोपवतात त्या सांध्यांवर, आणि धड्यांत नेमके तेच सांधे गळतात. हे पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. आपल्याकडचे साप आणि विंचू हजारो वर्षं याच सांध्यांवर नेम धरत आले आहेत.

मण्यारीचंच घ्या. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल हा स्नायू आपण झोपेत असतानाही मिनिटाला बारा-पंधरा वेळा खाली-वर होतो. त्याला हलण्याचा निरोप मेंदूकडून चेतातंतूतून येतो आणि तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन तो स्नायूपर्यंत पोचवतं. मण्यारीचं विष ही टोकंच निकामी करतं. फुप्फुसं धडधाकट असतात, मेंदू जागा असतो, पण मधला निरोप्या नाहीसा झालेला असतो. गंमत अशी की हृदय मात्र चालू राहतं. त्याचे ठोके त्याच्यातल्याच पेशी सुरू करतात, त्यासाठी त्याला बाहेरच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे मण्यार चावलेला माणूस डोळे मिटून, हातपाय गळून, बाहुल्या विस्फारून मेल्यासारखा पडलेला असतो आणि आजूबाजूचं बोलणं त्याला ऐकू येत असतं. अशा रुग्णांचा मेंदू मृत झाला असं वाटलं, आणि कृत्रिम श्वासावर काही दिवस ठेवल्यावर ते उठून बसले, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तंतूंची टोकं पुन्हा उगवेपर्यंत कुणीतरी त्यांच्यासाठी श्वास घेत राहायचं, एवढाच काय तो उपाय. मेलेला आणि जिवंत यांतला फरक इथे रबरी पिशवी दाबणाऱ्या हातावर ठरतो.

घोणसाचं विष याच्या अगदी उलट वागतं. मण्यारीचं एका सांध्यावर बोट ठेवून थांबतं, हे रक्तातून जिथे जाईल तिथे गोंधळ घालतं. रक्त गोठवणारे घटक ते एकदम कामाला लावतं, ते घटक बारीकबारीक गुठळ्यांत खर्ची पडतात आणि थोड्याच वेळात गोठायला काही शिल्लकच राहत नाही. हिरड्यांतून, सुईच्या टोचणीतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. हे ओळखायची चाचणी इतकी साधी आहे की ती कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, नळी 20 मिनिटं हलवायची नाही, मग तिरकी करून पाहायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलेलं आहे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानं रक्त गोठू लागतं. प्लॅस्टिकची किंवा साबणानं धुतलेली नळी चुकीचं उत्तर देते.

पण घोणसाचा खरा बळी पुष्कळदा मूत्रपिंड असतं. दोन्ही मूत्रपिंडांचं वजन मिळून शरीराच्या अर्धा टक्काही भरत नाही, तरी हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाला साधारण 180 लिटर द्रव ती गाळतात आणि त्यातला दीडेक लिटर सोडून बाकीचा परत घेतात. एवढं रक्त जिथून फिरतं तिथे विष आणि बारीक गुठळ्याही सर्वांत जास्त पोचणार. त्यात रक्तदाब घसरलेला असेल तर गाळणी बंद पडते आणि लघवी थांबते. मग पोटॅशियम रक्तात साठून हृदयाची लय बिघडवतं आणि न निघालेलं पाणी फुप्फुसात उतरतं. पुस्तकात मूत्रपिंड ‘उत्सर्जन’ या मथळ्याखाली असतं. प्रत्यक्षात तेच रक्तदाब सांभाळतं, हाडांच्या मज्जेला तांबड्या पेशी बनवायचा हुकूम देतं आणि ‘ड’ जीवनसत्त्व हाडांच्या कामी येईल असं करतं. म्हणून मूत्रपिंड कायमचं गेलेल्या माणसाला पंडुरोग होतो, हाडं ठिसूळ होतात. घोणसाच्या दंशानंतर काहींच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत रक्तस्राव होतो. माणूस वाचून घरी जातो, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याला सतत थकवा येऊ लागतो, अंगावरचे केस गळतात, बाईची पाळी बंद होते. म्यानमार आणि दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद केलेली आहे. दंश भाताच्या कापणीत झालेला आणि हा त्याचाच परिणाम, हे कुणाच्या ध्यानात येणार?

ताम्हिणी घाट उतरून माणगाववरून दक्षिणेला गेलं की महाड लागतं. तिथल्या कामाशिवाय हा विषय पुरा होत नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा कोकणात लाल विंचवाचा दंश गंभीर झालेल्या दर शंभरातली तीस-चाळीस माणसं दगावत. दंश पायाच्या बोटाला व्हायचा आणि माणूस मरायचा गुलाबी फेस ओकत, फुप्फुसात पाणी भरून. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून क्रम टिपला. आधी दरदरून घाम, उलटी आणि बर्फासारखे हातपाय, मग चढलेला रक्तदाब, मग थकलेलं हृदय, आणि शेवटी फुप्फुस. विंचवाचं विष चेतातंतूंना थांबूच देत नाही. ॲड्रेनॅलीनसारखी रसायनं रक्तात उसळतात, रोहिण्या आवळल्या जातात, त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय दमतं आणि मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसात येतं. म्हणजे लक्षण फुप्फुसात, बिघाड हृदयात, उगम चेतासंस्थेत. औषध सापडलं ते रोहिण्या सैल करणारं प्राझोसिन, रक्तदाबाची एक साधी आणि स्वस्त गोळी. 1982 पासून त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि वेळेवर उपचार मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नुसत्या फुप्फुसाकडे पाहत बसलेल्या डॉक्टरला हे उत्तर सापडलं नसतं.

यावर कुणी म्हणेल, मग संस्थांची वाटणी करायचीच कशाला? करायलाच हवी. पापण्या मिटताहेत म्हणजे चेतासंस्थेवरचं विष, हिरड्यांतून रक्त येतंय म्हणजे रक्तावरचं, हा फरक वाटणीमुळेच कळतो, आणि त्यावर उपचार ठरतो. नागाच्या दंशात निओस्टिग्मीन हे औषध स्नायूंना पुन्हा हलवतं, मण्यारीच्या दंशात त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण एकाचं विष सांध्याच्या या तीरावर बसतं आणि दुसरीचं त्या तीरावर. नकाशात गावांच्या हद्दी काढलेल्या असतात म्हणून ओढा हद्दीवर अडत नाही, पण नकाशा नसेल तर ओढा कुठून आला तेही समजत नाही. माझी तक्रार हद्दी काढण्याबद्दल नाही, आठवीनंतर ओढे कुणी शिकवत नाही याबद्दल आहे.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूनं येतो. शरीर एक आहे, सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे, हे आपल्या परंपरेनं केव्हाच सांगितलंय, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि पाठोपाठ जडीबुटी किंवा मंत्र येतो. ‘सगळं जोडलेलं आहे’ हे विधान खरं असूनही निरुपयोगी आहे. कुठला धागा कुठे बांधलाय, किती मिनिटांत ओढला जातो आणि कशानं सुटतो, हे सांगता आलं तरच त्याला ज्ञान म्हणायचं. मंत्रानं उतरलेल्या विषाच्या गोष्टी खोट्या नसतात, त्यांचा अर्थ चुकीचा लावलेला असतो. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. ती माणसं देवळात बसवली तरी बरीच होणार होती. मण्यारीचं विष भिनलेला माणूस मात्र तिथे फक्त वेळ घालवतो. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे लावणी-बेणणीच्या दिवसांतले आहेत.

विषावरचा उतारा तर आपल्या शरीरातून येतच नाही. तो घोड्याच्या प्रतिकारसंस्थेतून येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती शुद्ध करून कुप्यांत भरतात. पिंपरीला हाफकिन संस्थेच्या घोड्यांपासून आणि जुन्नर तालुक्यात नारायणगावला अशी लस बनत आली आहे, म्हणजे पुणे जिल्हा याबाबतीत तरी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारा नाही. सुरुवातीला साधारण आठ ते दहा कुप्या देतात आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. घोड्याची प्रथिनं परकी वाटून रुग्णाची स्वतःची प्रतिकारसंस्था कधी कधी खवळते, रक्तदाब कोसळतो, घसा आवळतो. त्या क्षणी वाचवतं ते ॲड्रेनॅलीनचं इंजेक्शन. विंचवाच्या दंशात ज्या रसायनाच्या पुरानं माणूस मरतो, तेच इथे मोजून दिल्यावर जीव राखतं. ते चांगलं की वाईट हे सांगणारा धडा कुठल्याच पुस्तकात लिहिता येणार नाही.

तेव्हा पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे कळ आली तर ओव्याच्या आधी त्याच्या पापण्या बघा. वर बघ म्हटल्यावर त्या उचलल्या जात नसतील, किंवा बोलणं जड झालं असेल, तर अंगावर दंशाची खूण शोधत बसू नका. आवळपट्टी बांधू नका, चीर देऊ नका, तोंडानं विष ओढू नका. त्याला चालवू नका, हातपाय हलू न देता 108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत श्वास चालू आहे ना, याकडे लक्ष ठेवा. सर्पदंशाची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते.