जामखेडची सामाईक चूल

अहिल्यानगर शहरालगतच्या भिंगारजवळून निघणाऱ्या जामखेड रस्त्याने आष्टीमार्गे पाऊणशे किलोमीटर गेलं की जामखेड येतं. सगळा टापू पर्जन्यछायेतला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि पाठोपाठ बहात्तरच्या दुष्काळाने जिल्हा होरपळला. लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते, मदतीत मिळणाऱ्या मिलो ज्वारीवर आणि सुकडीवर दिवस काढत होते. पोरांच्या दुखण्याचं मूळ उपासमारीत होतं. आरोग्याचं पुढे बघू, आधी अन्न आणि पाणी द्या, असं गावकऱ्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

आरोळ्यांनी ते ऐकलं. गावोगावी मुलांसाठी सामाईक स्वयंपाक सुरू झाला. काही धान्य बाहेरून आलं, पण चूल गावाची होती. सरपण गोळा करणं, रांधणं, वाढणं गावानेच अंगावर घेतलं. जिथे पाणवठासुद्धा जातीप्रमाणे वेगळा होता, तिथे साऱ्या वस्त्यांतली पोरं एकाच पंगतीला बसली.

पाण्याच्या बाबतीत आरोळ्यांनी फार विचाराने पाऊल टाकलं. बोअर घेताना हातपंप दलित वस्तीत बसवले. पाणी भरायचं तर त्या वस्तीत जाणं भाग होतं. घागर घेऊन बाया जाऊ लागल्या, बोलू लागल्या, आणि वर्षानुवर्षांची शिवाशीव सैल होत गेली.

दुष्काळ सरला, तरी एकत्र आलेली माणसं पांगली नाहीत. शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली. बांधबंदिस्ती झाली, झाडं लागली. गावातल्याच बाया, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका झाल्या. या भागातला बालमृत्युदर 1971 मध्ये हजारी 176 होता. पंचवीस वर्षांत तो तिशीच्या खाली आला. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुष्काळात सगळ्यांत आधी उपाशी राहतं ते गावकुसाबाहेरचं घर. जामखेडने मदतीची सुरुवात तिथूनच केली, म्हणून ती टिकली. आपल्या तालुक्यात पुन्हा पाऊस दडी मारील, तेव्हा टँकरची वाट पाहत बसण्याआधी ग्रामसभा बोलवा आणि पहिली चूल कोणाच्या दारात पेटवायची ते ठरवा.